डोणगावापासून मोजलेलं आकाश

मुंबई आणि कोलकाता हे दोन विमानतळ पृथ्वीच्या गोल पाठीवरून सर्वांत जवळच्या रेषेने जोडले, तर ती रेषा मेहकर तालुक्यावरून जाते. डोणगावच्या माथ्यावरून जाते म्हटलं तरी फारसं चुकणार नाही. मुंबई-नागपूर ही रेषा गावाच्या थोडी उत्तरेकडून जाते. विमानं नेमकी याच रेषा धरून उडतात असं नाही. त्यांचे हवाई मार्ग ठरलेले असतात आणि वारा-वादळ पाहून ते बदलतातही. पण बुलडाणा जिल्ह्याच्या आकाशात रात्री लुकलुकणारे दिवे सरकताना दिसतात ते उगाच नाहीत. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरूण टाकून पडलेल्या इथल्या पोराने विमानतळ पाहण्याच्या कितीतरी आधी विमान पाहिलेलं असतं. ते कुठून आलं, कुठे चाललं आणि तिथे कधी पोचेल, हे तीन प्रश्न त्याला तेव्हाच पडलेले असतात. ही पुस्तिका त्यांतल्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाणारं मोठं जेट विमान ताशी साधारण ९०० किलोमीटर वेगाने जातं, म्हणजे मिनिटाला १५ किलोमीटर. आपल्या शेजारचं लोणारचं विवर सुमारे १,८३० मीटर रुंद आहे. काठावरून फिरायला निघालं तर अर्धा दिवस मोडतो. वरून जाणारं विमान ते सात सेकंदांत ओलांडतं. हा वेग मनात पक्का बसला की पुढचे सगळे आकडे कळायला सोपे जातात.

गेल्या काही वर्षांत या पट्ट्यातली मुलं पुण्या-बंगळुरूच्या पलीकडे गेली आहेत. कुणी शिकायला अमेरिकेत, कुणी नोकरीला आखातात, कुणी जर्मनीत, कुणी ऑस्ट्रेलियात. मागोमाग आई-वडील जाऊ लागले. बाळंतपणाला, नातवंडं सांभाळायला, कधी नुसतं पोराचं घर पाहायला. ज्यांचा सगळ्यांत लांबचा प्रवास एसटीने पंढरपूर किंवा रेल्वेने तिरुपती असा झालेला आहे, त्यांच्या हातात एकदम मुंबई ते न्यूयॉर्क असं तिकीट येतं. मग पारावर, किराणा दुकानात, लग्नाच्या मांडवात एकच प्रश्न येतो, ‘किती लांब हाये हो ते?’ उत्तर येतं, ‘सोळा तास.’ अंतर तासांत सांगायची ही आपली जुनी रीत आहे आणि ती चांगली आहे, कारण प्रवाशाला शेवटी तासच काढायचे असतात. अडचण एवढीच की ते सोळा तास फक्त विमानातले असतात. डोणगावच्या घराचा उंबरा ओलांडल्यापासून न्यू जर्सीतल्या मुलाच्या घराचं दार उघडेपर्यंतचा हिशेब त्यात नसतो, आणि माणसं थकतात, गोंधळतात, घाबरतात ती या न धरलेल्या तासांत. दोन विमानतळांमधलं अंतर आणि वेळ ही ज्याची त्याला काढता आली पाहिजे, आणि ती घरापासून काढता आली पाहिजे, या आग्रहातून ही पुस्तिका तयार झाली आहे.

आधी अंतर पाहू. शाळेच्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये पट्टी ठेवली, तर रेघ अरबस्तान, इजिप्त, सहारा वाळवंट अशी पश्चिमेकडे जाते. पृथ्वीगोलावर मात्र हे चित्र पार बदलतं. एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर आणि दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि ताणा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो. गुजरात आणि पाकिस्तानवरून, अफगाणिस्तान आणि तुर्कमेनिस्तान ओलांडून मॉस्कोच्या जवळून जातो, पुढे स्वीडन आणि नॉर्वे, मग आइसलंड, मग ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशेजारून कॅनडात उतरतो आणि तिथून न्यूयॉर्क गाठतो. वाटेत तो ६५ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास पोचतो. तिथून उत्तर ध्रुववृत्त फार दूर राहत नाही. शाळेतला गोल ३० सेंटिमीटर व्यासाचा असेल तर त्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे सुमारे ४२५ किलोमीटर. दोरा मोजला तर साडेएकोणतीस सेंटिमीटर भरतो. गुणाकार केला की साडेबारा हजार किलोमीटर. भूगोलाच्या पुस्तकात बृहत्‌वृत्त म्हणून जे शिकवतात ते हेच. ज्या कुणाला हे खोटं वाटेल त्याने शाळेतून गोल आणून स्वतः दोरा लावून पाहावा. एवढा खात्रीचा प्रयोग एवढ्या कमी खर्चात दुसरा होत नाही.

ज्याला आकडा आणखी नेमका हवा आहे त्याच्यासाठी गणित आहे, आणि तेही अकरावीच्या त्रिकोणमितीपलीकडचं नाही. दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांच्या साईनचा गुणाकार करायचा. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाईन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाईन यांचा गुणाकार करायचा. दोन्हींची बेरीज केली की हव्या त्या कोनाचा कोसाईन मिळतो. मुंबई विमानतळ १९.०९ अंश उत्तर, ७२.८७ अंश पूर्व. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६४ अंश उत्तर, ७३.७८ अंश पश्चिम. रेखांशांतला फरक १४६.६५ अंश. पहिला गुणाकार ०.२१३ येतो, दुसरा उणे ०.५९९. बेरीज उणे ०.३८६. हा ज्या कोनाचा कोसाईन आहे तो कोन सुमारे ११२.७ अंशांचा. पृथ्वीच्या पाठीवर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर. उत्तर १२,५३० किलोमीटर. दोऱ्याने आलेलं आणि वहीत आलेलं उत्तर जुळतं तेव्हा मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, त्यासाठी ही पाच मिनिटं कुठल्याही शिक्षकाने काढावीत.

हा एक अंशाचा १११ किलोमीटरचा आकडा आपल्याला आयता मिळाला आहे. तो ज्यांनी मोजला त्यांची आठवण इथे ठेवायला हवी, कारण त्यातला काही भाग आपल्याच परिसरात घडला आहे. चाळीसगावजवळच्या पाटणशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त पृथ्वीचा परीघ काढायची रीत दिली आहे. दोन गावांमधलं दक्षिणोत्तर अंतर मोजायचं, त्यांच्या अक्षांशांतला फरक काढायचा, आणि त्रैराशिकाने पूर्ण वर्तुळाचं माप काढायचं. साडेसहाशे वर्षांनंतर, १८०२ मध्ये, विल्यम लॅम्टन या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासजवळ आधाररेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. कोन मोजायचं जड थिओडोलाइट यंत्र घेऊन, ७८ अंश पूर्व रेखांशाच्या आसपास टेकडीमागून टेकडी, मंदिरामागून मंदिर धरत तो उत्तरेकडे सरकत राहिला. वीस वर्षं हे काम चाललं. जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला, कामावर असतानाच तो वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने नेलं. पृथ्वी ध्रुवांकडे किती चपटी आहे याचा हिशेब या मोजणीतून सुधारत गेला. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे आणि ध्रुवाकडे ६,३५७. या एकवीस किलोमीटरच्या फरकामुळे वर दिलेल्या सोप्या सूत्राचं उत्तर फार तर अर्ध्या टक्क्याने मागेपुढे होतं. आपल्या कामाला तेवढं पुरेसं आहे. हिंगणघाट आपल्या विदर्भातच आहे. तिकडे गेलात तर त्या कबरीपाशी एकदा जरूर जा.

विदर्भाचं आणि हवाई अंतराचं आणखी एक नातं आहे, ते टपालाचं. जानेवारी १९४९ मध्ये देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री डाकोटा विमानं निघत आणि मध्यरात्रीच्या सुमाराला नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमत. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि विमानं उजाडायच्या आत आपापल्या गावी परतत. कलकत्त्यात संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी मुंबईत! नागपूरच का निवडलं, याचं उत्तर नकाशावर आहे. नागपूरपासून सरळ रेषेत मुंबई सुमारे ६८० किलोमीटर, दिल्ली ८५०, चेन्नई ९१०, कोलकाता ९८५. चारही विमानं साधारण एकाच वेळी पोचू शकतील असं देशात दुसरं ठिकाण सापडणं कठीण होतं. विमानतळांमधलं अंतर म्हणजे कागदावरचा कोरडा आकडा, असं ज्यांना वाटतं त्यांनी या सेवेचा विचार करावा. चार आकडे जुळले म्हणून एका अख्ख्या देशाचं टपाल एका रात्रीत फिरू लागलं.

आता वेळ. अंतर भागिले वेग म्हणजे वेळ, हे पाचवीतलं गणित विमानाला जसंच्या तसं लागू पडत नाही. तिकिटावर छापलेली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, चढणं, उतरणं हे सगळं आलं. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी उतरायला आलेली विमानं आकाशात फेऱ्या मारत थांबतात ती त्यामुळेच. घरी हिशेब करायचा तर एक ढोबळ नियम चालतो. किलोमीटरला ८५० ने भागा आणि अर्धा तास मिळवा. मुंबई-नागपूर या नियमाने सव्वा तासाच्या थोडं वर येतं, मुंबई-न्यूयॉर्क सव्वापंधरा तासांच्या घरात.

प्रत्यक्षात मात्र न्यूयॉर्कला जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी, तासा-दीड तासाने तरी. कारण वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, विशेषतः उत्तरेकडच्या अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला त्यांचा रेटा मिळतो, पश्चिमेकडे जाणाऱ्याला त्यांच्या विरुद्ध जावं लागतं. या वाऱ्याचा उपयोग कसा करता येतो याचं एक उदाहरण फार सुंदर आहे. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी युरोप आणि अटलांटिकवरून पश्चिमेकडे जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते उलट्या दिशेने, पॅसिफिक महासागरावरून पूर्वेकडे पाठवलं. त्या दिवशी विमानाने सुमारे १५,३०० किलोमीटर अंतर कापलं, म्हणजे आधीच्या मार्गापेक्षा १,४०० किलोमीटर जास्त, आणि तरी ते सुमारे दोन तास आधी, साडेचौदा तासांत पोचलं. वाट लांबली आणि वेळ वाचला. अंतर आणि वेळ यांचं नातं किती सैल असतं हे यापेक्षा चांगलं कुणाला सांगता येईल असं वाटत नाही. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला निघालेलं एअर इंडियाचं पहिलं थेट विमान उत्तर ध्रुवाच्या प्रदेशावरून आलं. ते चालवणाऱ्या चारही वैमानिक स्त्रिया होत्या आणि झोया अगरवाल या कॅप्टन होत्या. दोन शहरांमधलं सरळ अंतर सुमारे १४,००० किलोमीटर आणि उड्डाण जवळपास सतरा तासांचं. डोणगावच्या मुलींनी हे नाव लक्षात ठेवावं.

वाऱ्याखेरीज दुसरी गोष्ट म्हणजे राजकारण, आणि ती वाऱ्याइतकी निष्पाप नाही. फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं, ते १६ जुलैपर्यंत पूर्ण उघडलं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा भारतीय विमानांना बंदी झाली, आणि भारतानेही त्यांच्या विमानांना केली. दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडे वळून अरबी समुद्रावरून वाट काढावी लागली. दोन विमानतळ जागच्या जागी होते. त्यांच्यातलं अंतर एका मीटरनेही वाढलं नव्हतं, पण प्रवास वाढला, इंधन वाढलं, काही विमानांना मध्येच कुठे तरी थांबावं लागलं. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यानंतर रशियाचं आकाश पाश्चात्य कंपन्यांना बंद झालं, त्याचाही परिणाम भारत-अमेरिका प्रवासावर झाला. आपण गोलावर ताणलेला तो सुरेख दोरा पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया यांच्यावरून जातो, हे इथे आठवावं. आजचं विमान त्या दोऱ्याला धरून क्वचितच जाऊ शकतं. म्हणूनच गेल्या वर्षी शेजारच्याला किती वेळ लागला यावर विसंबू नका. आपल्या तिकिटावरची वेळ पाहा.

थेट विमान नसलं की माणसं हळहळतात. त्याचाही हिशेब करून पाहण्यासारखा आहे. नागपूर ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे १२,६०० किलोमीटर. आखातातल्या दोह्यावरून गेलं तर नागपूर-दोहा २,८४० आणि दोहा-न्यूयॉर्क १०,७७०, मिळून १३,६०० च्या आसपास. म्हणजे वाकडी वाट हजारच किलोमीटरने जास्त, उड्डाणाचा वेळ पावणेदोन तासांनी. खरा वेळ जातो तो मधल्या विमानतळावर थांबण्यात, कधी दोन तास, कधी अकरा. स्वस्त तिकीट शोधताना हा थांबा कुणी पाहत नाही, आणि रात्री दोन वाजता परक्या विमानतळावरच्या खुर्चीत बसून सत्तरीतल्या आजीला सात तास काढावे लागतात. मुलांनी आई-वडिलांचं तिकीट काढताना पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील, पण थांबा तीन-चार तासांचा निवडावा. त्याहून कमीही नको, कारण म्हाताऱ्या पायांना एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत जायला वेळ लागतो. विमान कंपन्यांचं वेळापत्रक हंगामागणिक बदलतं, सेवा सुरू होतात, बंद होतात. अंतरं तेवढी कायम राहतात.

सगळ्यांत जास्त गोंधळ होतो तो घड्याळाचा. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची छापलेली असते. समजा, जून महिन्यात विमान मुंबईहून रात्री दीडला निघालं आणि सोळा तासांनी पोचलं. आपल्या घड्याळात तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, म्हणून तिकिटावर पोचण्याची वेळ त्याच दिवशीची सकाळी आठ अशी दिसेल. दीड ते आठ, म्हणजे साडेसहा तासांचाच प्रवास, असं समजून एक जोडी चपात्या आणि लोणच्याची फोड घेऊन निघणारी माणसं आहेत. हिवाळ्यात हाच फरक साडेदहा तासांचा होतो, कारण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. आणखी एक, रात्री दीडचं विमान म्हणजे आदल्या रात्री विमानतळावर हजर राहायचं विमान. १० तारखेचं तिकीट असेल तर ९ तारखेला रात्री साडेनऊपर्यंत दारात पोचायला हवं. तारखेची ही चूक ज्या घरात झाली त्या घराने ती जन्मभर विसरलेली नाही.

आपलं स्वतःचं घड्याळसुद्धा एक तडजोडच आहे, हे मुलांना या निमित्ताने सांगावं. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरवलेली आहे. डोणगाव सुमारे ७६.७ अंशांवर आहे. एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो, म्हणून डोणगावच्या डोक्यावर तो सरासरीने १२ वाजून २३ मिनिटांनी येतो. १९०६ मध्ये ही प्रमाणवेळ लागू झाली तरी मुंबई शहराने स्वतःची वेळ १९५५ पर्यंत धरून ठेवली होती, ३९ मिनिटं मागे. शाळेच्या मैदानात काठी उभी करून सर्वांत आखूड सावली केव्हा पडते हे पाहिलं, तर आपल्या गावाचा खरा मध्यान्ह कळतो. ऋतूप्रमाणे तो थोडा सरकेल, त्याचं कारण शोधणं हा वेगळा अभ्यास आहे.

हवाई प्रवासात आपण कुठून कुठे आलो तेही पाहण्यासारखं आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून निघालं, कैरो आणि जिनिव्हाला थांबत १० जूनला लंडनला पोचलं. मे १९६० मध्ये बोइंग ७०७ विमानाने न्यूयॉर्क भारताशी जोडलं गेलं. आज जगातलं सर्वांत लांबचं नियमित उड्डाण सिंगापूर-न्यूयॉर्क हे आहे, १५,३०० किलोमीटरहून थोडं अधिक, जवळजवळ एकोणीस तासांचं.

मग सर्वांत लांब म्हणजे किती लांब? पृथ्वी गोल असल्याने याला मर्यादा आहे. कुठलीही दोन ठिकाणं २०,००० किलोमीटरपेक्षा फारशी दूर असूच शकत नाहीत, कारण तो अर्धा परीघ झाला. डोणगावच्या नेमकं पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला, दक्षिण पॅसिफिकचं पाणी आहे. तिथून सुमारे हजार किलोमीटरवर, नैर्ऋत्येला, चिली देशाचं ईस्टर बेट आहे, दगडी पुतळ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं. त्या बेटावर मताव्हेरी नावाचा विमानतळ आहे. नागपूरहून तो सुमारे १८,९०० किलोमीटरवर आहे. आपल्या लोकांना याहून दूरचा विमानतळ जगात शोधून सापडणार नाही. जायचं झालं तर मुंबई किंवा दिल्ली, मग युरोपातलं एखादं शहर, तिथून चिलीची राजधानी सँटियागो, आणि तिथून आणखी ३,७०० किलोमीटरहून जास्त समुद्र ओलांडून बेट. डोणगावहून निघालेला माणूस दोन दिवसांत तिथे पोचू शकतो. हे वाक्य ज्यांच्या आजोबांनी मेहकरच्या बाजाराला बैलगाडीने जाण्यात दिवस घालवला त्यांनी पुन्हा एकदा वाचावं.

आता घराकडे येऊ. डोणगावला सोयीचे विमानतळ म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा आणि नागपूरचा. अमरावतीच्या बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची विमानसेवा सुरू झाली. अकोल्याच्या शिवणीला धावपट्टी आहे, पण ती वाढवण्याची मागणी वर्षानुवर्षं पडून आहे, आणि पश्चिम विदर्भाच्या माणसाने ती मागणी सोडू नये असं माझं ठाम मत आहे. परदेशी जाणारे बहुतेक मात्र अजून मुंबई गाठतात. पूर्वी मेहकर, सिंदखेड राजा, जालना असा जुना रस्ता धरून जावं लागे आणि रात्र गाडीत जाई. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. एकूण ७०१ किलोमीटर. मेहकरजवळ समृद्धीवर चढलं की नागपूर साडेतीन-चार तासांवर आणि मुंबई सहा-सात तासांवर आली.

तर हिशेब असा मांडा. घरापासून मुंबई विमानतळ सात तास. वाटेत जेवण, विसावा एक तास. विमानतळावर चार तास आधी. विमानात सोळा तास. उतरल्यावर कागदपत्रं, सामान, बाहेर येणं दोन तास. बेरीज तीस तास, आणि तिथून मुलाच्या घरापर्यंतचा वेळ वेगळा. विमानतळ ते विमानतळ म्हणून जे सांगितलं जातं ते यातलं जेमतेम निम्मं आहे. पुस्तिकेच्या शेवटी कोरा तक्ता दिला आहे तो यासाठी. त्यात पहिला रकाना गावाचा आहे, विमानतळाचा नाही. तो पेन्सिलने भरा. आणि तिकिटावर मुंबईचा कुठला विमानतळ आहे तेही पाहून लिहा, कारण ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि आता मुंबई म्हणजे दोन ठिकाणं आहेत. जुन्याचं सांकेतिक नाव बीओएम, नव्याचं एनएमआय. चुकून दुसरीकडे गेलात तर मुंबईच्या वाहतुकीतून परत येण्यात विमान जाईल.

शेवटी एक विनंती, आणि ती मी हात जोडून करतो. समृद्धीने वेळ वाचवला, पण त्या वाचलेल्या वेळाच्या भरवशावर विमानाच्या रात्रीच घरून निघू नका. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेड राजाजवळ, याच रस्त्यावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. जागरण झालेला चालक, सरळ गुळगुळीत रस्ता आणि विमान चुकण्याची धास्ती या तीन गोष्टी एका गाडीत बसवू नका. आदल्या दिवशी उजेडात निघा, मुंबईत नातेवाइकाकडे किंवा साध्या लॉजवर रात्र काढा, आणि तक्त्यात ती रात्र आधीच धरा.